वानवळ्याचा रिपोर्ट

अवधूत कंधारकरांनी खायचं तरी काय, हा प्रश्न त्यांच्या घरापुरता होता तोवर कुणाचीच हरकत नव्हती. पण नांदेडातल्या त्यांच्या कॉलनीत तो गच्चीपासून पार्किंगपर्यंत पसरला आणि मग त्याला आवर घालणं त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे इंदूताईंच्या, हातात राहिलं नाही.

कंधारकर एका महाविद्यालयात ग्रंथपाल. माणूस सरळ. नियमाबाहेर पुस्तक देणार नाही आणि नियमात असलं तरी लगेच देणार नाही. निवृत्ती जवळ आली, वाचनालयात विद्यार्थी यायचे बंद झाले, आणि मोकळ्या वेळात मोबाईलवर भेसळीचे व्हिडिओ यायला लागले. तिथून घात झाला. पनीरवर आयोडीनचा थेंब टाकला, पनीर निळं पडलं; पनीर घरातून गेलं. चहाची पत्ती ओल्या कागदावर चोळली, कागद लाल झाला. आता पत्तीनं लाल नाही तर काय हिरवं व्हावं, असं इंदूताई म्हणाल्या, तरी पत्ती गेलीच. गूळ फार पिवळा म्हणून गेला. दुसरा आणला तो फार काळा म्हणून गेला. अर्धापूरची केळी घेताना त्यांनी गाडेवाल्याला ती कशी पिकवली, कुठं पिकवली, किती दिवस झाकून ठेवली, असं सगळं विचारलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, घ्यायची असली तर घ्या. मला केळाची सोयरीक न्हाई जमवायची."

मग त्यांना सेंद्रिय भाजीचं एक दुकान सापडलं. सगळा माल खाकी कागदी पिशव्यांत आणि दुकानदार खादीत. पहिल्याच दिवशी तिथल्या वांग्यात अळी निघाली. इंदूताई किंचाळल्या, कंधारकरांच्या चेहऱ्यावर मात्र लग्नघरातला आनंद पसरला. "अगं, हीच तर खूण! औषध मारलं असतं तर ही जगली असती का?" ते अळीसकट वांगं वाटीत घेऊन खालच्या मजल्यावर अण्णारावांना दाखवायला गेले.

अण्णाराव हे कॉलनीचे जाणकार. पूर्वी बी-बियाणांच्या कंपनीत होते, आता कुठंच नसल्यामुळे सगळ्या विषयांत होते. त्यांनी चष्मा लावून अळी पाहिली आणि मान हलवली.

"कंधारकर, तुमी लई भोळे हाव. आजकालच्या अळ्या औषध पिऊनच मोठ्या होऊन राहिल्या. हिला काय होतंय फवारणीनं? ही तर आपल्याहून धडधाकट हाय."

कंधारकर अळी घेऊन परत आले. त्या दिवशी रात्री त्यांनी नुसता ताकभात खाल्ला, आणि तोही ताकाकडे संशयानं बघत.

असं करता करता त्यांच्या ताटात निर्धास्तपणे पडेल अशी एकच गोष्ट उरली : उज्वलाचा वानवळा.

उज्वला ही इंदूताईंची मैत्रीण. दोघी लातूरला अध्यापक विद्यालयात एका खोलीत राहिलेल्या, एका स्टोव्हवर शिजवून एका ताटात जेवलेल्या. पुढे इंदूताई नांदेडला आल्या आणि उज्वला औशाकडच्या एका खेड्यात शेतकऱ्याघरी पडली. तिचा नवरा रामलिंग कष्टाळू, बोलायला मिठ्ठास आणि आतून पक्का. लग्नानंतर पहिल्या वर्षी शेतात जे पिकलं त्यातलं ओंजळ-ओंजळ बांधून उज्वलानं मैत्रिणीला पाठवलं आणि मग तो शिरस्ताच पडला. तूरडाळ, मूग, भुईमुगाच्या शेंगा, कधी हळकुंडं, कधी ज्वारीचा हुरडा. जुन्या साडीची पिशवी शिवायची, तोंड सुतळीनं बांधायचं, लातूर-नांदेड एसटीत ठेवायची आणि फोन करायचा : "इंदे, कंडक्टरला सांगितलंय गं, डायवरच्या मागं हाय." पिशवी कधी हरवली नाही. वानवळा हा असा की तो मागायचा नसतो, नाकारायचा नसतो आणि त्याची किंमत तर बिलकूलच करायची नसते. नव्या पिकातलं आपल्या माणसाच्या तोंडी लागावं, एवढाच त्याचा अर्थ.

कंधारकर ही डाळ गेली कित्येक वर्षं दोन वेळा खात होते आणि तिच्याविषयी त्यांनी कधी अवाक्षरही काढलं नव्हतं. चांगलं आणि फुकट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मध्यमवर्गीय माणूस शांत असतो. पण यंदा दिवाळीनंतर पिशवी आली तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी मूठभर डाळ अण्णारावांकडे नेली आणि म्हणाले, "बघा. घरच्या शेतातली, घरी भरडलेली, एरंडेल लावलेली. याला म्हणतात विषमुक्त अन्न."

अण्णारावांनी दोन दाणे चावून पाहिले. कॉलनीतले आणखी तिघे-चौघे जमले. सगळ्यांनी चावले.

"चव तर हाय," अण्णाराव म्हणाले. "पण पुरावा काय?"

"पुरावा? अहो, घरचे संबंध आहेत!"

"संबंध पोटात गेल्यावर कळत न्हाईत, कंधारकर. तुमी गाडेवाल्याला पुरावा मागता, दूधवाल्याला मागता, मग सोयऱ्या-धायऱ्यालाच कामून सूट? कायदा सगळ्याला बराबर पायजे."

तिघे-चौघे हसले. कंधारकरांना ते हसणं लागलं. उभ्या आयुष्यात त्यांनी प्राचार्यांनाही ओळखपत्राशिवाय पुस्तक दिलं नव्हतं आणि इथं त्यांच्यावर वशिलेबाजीचा आरोप झाला होता. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की डाळ प्रयोगशाळेत जाईल, रिपोर्ट कॉलनीच्या ग्रुपवर पडेल, आणि मग ज्यानं-त्यानं आपापली तोंडं बघावीत. त्या तावात एक गोष्ट राहिली : हे इंदूताईंना सांगायचं.

नांदेडात एका खाजगी प्रयोगशाळेचं नमुने घ्यायचं केंद्र होतं. पहिल्या दिवशी कंधारकर डाळ वर्तमानपत्राच्या पुडीत घेऊन गेले. शाईचा अंश डाळीला लागतो म्हणून ती परत आली. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात नेली. डबा सीलबंद होत नाही म्हणून परत आली. मग काचेच्या बरणीत नेली, तर बरणीवर लोणच्याचा वास होता. शेवटी केंद्रानंच पिशवी दिली आणि तिच्यात डाळ कमी पडली. इंदूताई देवळात गेल्याची संधी साधून कंधारकरांनी डब्यातून आणखी डाळ उपसली. स्वतःच्या घरात चोरी करून त्यांनी डबा होता तसा, होता तिथं ठेवला.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नमुना कशासाठी? निर्यात का तक्रार?"

"दोन्ही नाही. खात्रीसाठी."

"तसं आमच्याकडं नाही, सर. निर्यात किंवा तक्रार. निर्यातीला परवाना लागतो."

"आणि तक्रारीला?"

"तक्रारीला काहीच लागत नाही."

तर अशा रीतीनं, निव्वळ परवाना नव्हता म्हणून, कंधारकरांनी तक्रार केली. उत्पादकाचं नाव आणि मोबाईल नंबर द्यावाच लागत होता, तोही दिला. एवढं काटेकोर काम कुठंतरी चालतं हे पाहून त्यांना मनापासून बरं वाटलं.

ते काटेकोर काम पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरावर येऊन पडलं.

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा रामलिंग आपल्या गावातल्या हॉटेलात चहा पीत बसला होता. हातात कप, समोर माणसं, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर घेतला. फोनमधून एक गोड आवाज सगळ्या हॉटेलाला ऐकू गेला : "आपल्या तूरडाळीविषयी नांदेडचे अवधूत कंधारकर यांची तक्रार आली आहे. पेरणीपासून कोणती औषधं वापरली ते सांगाल का?" हॉटेलवाल्यानं म्हणे पुरीचा झारा तसाच धरून ठेवला आणि पुऱ्या करपल्या. रामलिंगनं चहा संपवला, कप बशीत उपडा ठेवला आणि तो घरी गेला. पण गावानं पुढचे चार दिवस दुसरा विषय काढला नाही. कुणी म्हणे रामलिंगच्या डाळीनं नांदेडात माणूस दवाखान्यात पडलं, कुणी म्हणे पडलं नव्हे, गेलं. उज्वला हळदी-कुंकवाला गेली तिथं एका बाईनं तिला दबक्या आवाजात विचारलं, "म्हाताऱ्या माणसांचं ठीक, पण लेकराबाळांनी खाल्ली न्हवती ना गं?"

हे सगळं इंदूताईंना उज्वलाच्या मुलीकडून, शिवांगीकडून कळलं. उज्वलाचा स्वतःचा फोन आलाच नाही. इंदूताईंनी केला तर "कामात हाय गं" एवढं म्हणून तिनं ठेवून दिला. भांडली असती तर बरं झालं असतं, असं इंदूताईंना वाटलं. खोलीत दोघी कितीदा भांडल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी कंधारकरांसमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि शेजारी डाळीचा अर्धा रिकामा डबा ठेवला.

"तपासा," त्या म्हणाल्या. "ताटही तपासा. मी पण स्वयंपाक करते म्हणजे काय घालते कुणाला ठाऊक."

"अगं, तो केवळ एक तांत्रिक..."

"अहो, माझी आई गेली तेव्हा ही बाई पेरणी सोडून माझ्याजवळ येऊन राहिली होती. तिला तुम्ही तक्रारीत घातलंत."

कंधारकरांनी प्रयोगशाळेच्या पद्धतीतला दोष समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मग, फार उशिरा का होईना, मिटलं.

खरी धास्ती पुढे होती. वेळ अमावस्या जवळ आली होती. लातूरकडे ती येळवस. त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि माणसं शेतात जेवतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, उभारायची, पूजा करायची, मडक्यात आंबील, आणि शेतात जे-जे हिरवं आहे ते सगळं घालून केलेली भज्जी. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून ताटावर बसवतात. दरवर्षी आठवडाभर आधी उज्वलाचा फोन यायचा : "इंदे, येळवसला येतीस ना?" यंदा आठवडा संपत आला, फोन नाही. इंदूताई फोन उशाशी घेऊन झोपायला लागल्या. न बोलावता जावं तर कोणत्या तोंडानं, आणि न जावं तर नातं तिथंच संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आदल्या दिवशी फोन आला. इंदूताईंना नव्हे, कंधारकरांना. उज्वलाचाही नव्हे, रामलिंगचा.

"सर, नमस्कार. उद्या येळवसला यायचं बरं का. तुमी आल्याशिवाय ताटं वाढायची न्हाईत, असं घरात ठरलंय. तुमच्यासाठी समदा इंतजाम येगळा केलाय. काही काळजी करू नका."

कंधारकर फोन ठेवून विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघ. शिकलेला नसला तरी समजूतदार माणूस आहे. काही मनात धरलेलं नाही."

"येगळा इंतजाम म्हणजे काय?" इंदूताईंनी विचारलं.

"पाहुणचार!"

इंदूताई रामलिंगला जास्त ओळखून होत्या.

शेतात पोहोचले तेव्हा पूजा आटोपली होती. हरभरा गुडघ्याला आला होता, ज्वारी डोक्याच्या वर गेली होती आणि कोपीच्या सावलीत पंगत बसत होती. उज्वलानं इंदूताईंकडे पाहिलं, पाण्याचा तांब्या दिला, "बस" म्हणाली, आणि दुसरीकडे वळली. रामलिंगनं मात्र कंधारकरांना हाताला धरून मधोमध नेलं. तिथं एक प्लास्टिकची खुर्ची होती आणि पुढ्यात टेबल. बाकी सगळे जमिनीवर, पोत्यावर.

टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली होती. बिस्किटांचा पुडा होता, वेफर्सचं पाकीट होतं आणि डबाबंद रसाचं एक खोकं होतं. सगळ्यांवरच्या तारखा वर दिसतील अशा ठेवल्या होत्या.

"सर, लातूरहून खास मागवलं," रामलिंग हात जोडून म्हणाला. "समद्यावर शिक्का हाय, नंबर हाय. आमच्या शेतातली एक गोष्ट बी तुमच्या जवळ येऊ दिली न्हाई. वारा तेवढा आमचाच हाय, त्याला इलाज न्हाई."

पंगतीत कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. भज्जीचं पातेलं फिरायला लागलं. बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची चटणी. भज्जीचा वाफाळता वास कंधारकरांच्या नाकाशी येऊन थांबला. ते वेफर्सचं पाकीट फोडायला लागले तर ते फुटेना. तेवढ्यात रस्त्यानं एक टेम्पो निघाला होता, रामलिंगनं त्याला हाळी दिली. टेम्पोवाला उतरला, हात धुतले, कंधारकरांच्या अगदी पायाशी बसला आणि मिटक्या मारत जेवायला लागला.

रामलिंगची आई केवळाबाई काठी टेकत आली. तिनं टेबल पाहिलं, कंधारकरांना पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं.

"कवापासून हाय हे दुखणं, बाबा?"

"दुखणं नाही, आजी, मी जरा..."

"सांगू नगं, सांगू नगं. लपवावंच वाटतंय. आमच्या माणिकप्पाला बी असंच झालं होतं, त्याला बी घरचं कायीच चालत न्हवतं." ती इंदूताईंकडे वळली. "पोरी, तू तरी पोटभर खा. तुला पुढं लई काढायचंय."

कंधारकर बिस्किट चघळत बसले. ते कोरडं होतं, घशात अडकत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचा मोबाईल वाजला. रिपोर्ट आला होता.

त्यांनी तो वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा ऊर भरून आला. सगळ्या अपमानाचा शेवट त्यांच्या हातात आला होता. ते खुर्चीवरून उठले, मोबाईल उंच धरला आणि वाचनालयात ज्या आवाजाला ते स्वतः दंड करायचे त्या आवाजात ओरडले, "आला! रिपोर्ट आला! काही सापडलं नाही! तुमची डाळ एकदम शुद्ध आहे!"

सगळी पंगत थांबली. टेम्पोवाल्याचा घास वाटेत राहिला.

"लई उपकार झाले, सर," रामलिंग शांतपणे म्हणाला. "आमच्या बापजाद्यापासून जीव टांगणीला लागला होता."

कंधारकरांना अजूनही नीट कळलं नव्हतं. ते हसत उज्वलाकडे वळले. "उज्वलाताई, मला खात्रीच होती! मी सगळ्या कॉलनीला दाखवणार आहे!"

उज्वलाच्या हातात भज्जीची पळी होती. तिनं ती पातेल्यात ठेवली.

"भाऊजी, वाईट निघाली असती तर?"

"तर... तर तुम्हाला लगेच कळवलं असतं. आम्ही खाणं थांबवलं असतं."

"तुमी थांबवलं असतं," उज्वला म्हणाली. "आन् आमी? तुमच्या पिशवीत घालते ती माझ्याच डब्यातली डाळ असती, भाऊजी. येगळी कुठून आणू? माझ्या शिवांगीनं पहिला वरणभात तिचाच खाल्लाय. ही म्हातारी अजून तीच खाती. तुमी तुमच्या पोटाची तपासणी केली, आमच्या पोटाचं तुमच्या मनात बी आलं न्हाई."

कंधारकर उभेच राहिले. मनात आलं नव्हतं, हे खरंच होतं. इतक्या चाचण्या केल्या, इतके व्हिडिओ पाहिले, पण ती डाळ पिकवणारे लोक संध्याकाळी काय खातात, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्यांना लाज वाटली. आणि तीही साधीसुधी नव्हे, कान तापतील इतकी.

त्यांनी मोबाईल खिशात घातला. खुर्ची सोडून ते खाली पोत्यावर बसले, टेम्पोवाल्याच्या शेजारी, आणि पुढ्यात पत्रावळ ओढून घेतली.

उज्वलानं पळी भरली आणि वाढली, पुन्हा भरली, पुन्हा वाढली. ते "बास" म्हणाले तेव्हा आणखी वाढली. आंबिलीचे तीन तांबे तिनं त्यांना एकामागून एक प्यायला लावले. पंगत उठली तरी कंधारकर जेवत होते आणि त्यांना हलायची सोय राहिली नव्हती. केवळाबाई लांबून बघून म्हणाली, "माय माय माय, उतरलं की दुखणं!" तेव्हा इंदूताई हसल्या, उज्वला हसली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून इतकं हसल्या की शेवटी दोघींनी पदर डोळ्यांना लावला.

निघताना उज्वलानं साडीची पिशवी आणली. तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. ती तिनं इंदूताईंच्या हातात दिली. कंधारकरांनी सवयीनं घ्यायला हात पुढे केला, तर तिनं त्या हातात बिस्किटांचा उरलेला पुडा ठेवला.

"उघडलेला हाय, भाऊजी. वाटंत संपवा. मऊ पडंल."

एसटीत खिडकीशी इंदूताई बसल्या, पिशवी मांडीवर. शेजारी कंधारकर, हातात पुडा. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी पिशवीकडे पाहत हळूच विचारलं, "काय दिलंय गं यंदा?"

"मला काय माहीत," इंदूताई म्हणाल्या. "वानवळ्याची गाठ कुणी वाटेत सोडून बघतं का?"

कंधारकरांनी मान हलवली आणि एक बिस्किट तोंडात टाकलं.